पहिला व्हिडिओ बारा फोटोंचा असू द्या

मुलांना पहिल्यांदा व्हिडिओचं काम द्यायचं असेल, तर ते फोटोंचं द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-बारा फोटो, तेही स्वतः काढलेले. ते एकामागून एक लावायचे आणि त्यांच्यावर मुलाने स्वतःच्या आवाजात बोलायचं. बस्स. मागे गाणं नको, उडती फुलं नकोत, चकाकणारी अक्षरं नकोत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या काही वर्षांत ‘व्हिडिओ बनवून ग्रुपवर टाका’ हे वाक्य वहीतल्या ‘निबंध लिहा’इतकं नेहमीचं झालं आहे. पण निबंध कसा लिहायचा हे आम्ही निदान चार दिवस शिकवतो. व्हिडिओ कसा करायचा हे कुणीच शिकवत नाही. मुलांना ते येतंच, असं आपण गृहीत धरतो.

येतं काय, तर ॲप. ‘आपला परिसर’ हा विषय दिला की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर वीस व्हिडिओ येऊन पडतात. त्यात हिरवेगार डोंगर असतात, जे आमच्या तालुक्यात नाहीत. नदीवरचा पूल असतो, तो बहुधा युरोपातला असावा. ॲपने दिलेल्या साच्यात गूगलवरचे फोटो टाकायचे, सोबत ॲपचंच गाणं, की दोन मिनिटांत काम तमाम. त्यात मुलाने काय पाहिलं? काहीच नाही. स्वतःच्या गल्लीचा एक फोटो काढायला तो दारापर्यंतही गेलेला नसतो. आणखी एक गोष्ट मला खुपते. ‘मुस्लिम विद्यार्थी’ असं शोधून मुलं जी चित्रं आणतात, त्यातली मुलं आमच्या वर्गातल्या कुणासारखीच दिसत नाहीत. इस्त्रीची पांढरी टोपी, समोर रेहल, मागे मिनार. आमची पोरं निळ्या गणवेशात, सायकलवर, खांद्याला दप्तर लावून येतात. दुसऱ्याने काढलेलं आपलं चित्र आपणच उचलून शाळेत जमा करायचं, हे मला बरं वाटत नाही.

फोटो एकामागून एक दाखवून गोष्ट सांगणं ही काही मोबाइलची देणगी नाही. आपल्या महाराष्ट्रात ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं १८९० च्या दशकात काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडत, आणि सोबत निवेदन करून कथा सांगत. त्या खेळाला त्यांनी नाव दिलं होतं ‘शांबरिक खरोलिका’. सिनेमा यायच्या आधीच मराठी माणूस अंधारात बसून चित्रांची गोष्ट ऐकत होता. पुढे दादासाहेब फाळके यांना आपल्याला सिनेमा करता येतो हे पैसा लावणाऱ्याला पटवायचं होतं. तेव्हा त्यांनी युद्ध दाखवलं नाही, नाचगाणं दाखवलं नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेतली. तीच ‘अंकुराची वाढ’, साल १९१२. त्याच वर्षी जुलैत कलकत्त्यात मौलाना आझादांनी ‘अल-हिलाल’ सुरू केलं आणि उर्दू वाचकांसमोर बातमीबरोबर छायाचित्रं ठेवली. दोन्ही गोष्टी एका वर्षातल्या, हा योगायोग मला वर्गात सांगायला आवडतो. मुलांना फाळके माहीत असतात आणि मौलाना आझादही माहीत असतात, पण दोघांना एका दिवशी, एका फळ्यावर कुणी लिहिलेलं नसतं.

फाळके यांचं उदाहरण मला यासाठीही जवळचं वाटतं की आमचा मुलूख कापसाचा. जूनमध्ये टोबलेलं बी, पाती, फूल, बोंड, फुटलेला कापूस आणि शेवटी शेतात उभी राहिलेली वाळकी पऱ्हाटी. एकाच झाडाचा दर रविवारी एकाच जागेवरून एक फोटो काढला, तर दिवाळीनंतर मुलाच्या हातात त्याची स्वतःची ‘अंकुराची वाढ’ असेल. आठवीतल्या एका मुलाने हे केलं. मधले तीन रविवार त्याचे चुकले, कारण सततच्या पावसात शेताची वाट बंद होती. ते तीन फोटो नाहीत हेही त्याने आवाजात सांगितलं, “इथे पाऊस होता, मी गेलो नाही.” मला ते वाक्य सगळ्यात जास्त आवडलं.

पण ज्या व्हिडिओमुळे मी हे लिहायला बसले तो नववीतल्या एका मुलीचा. विषय होता ‘घरातलं एक काम’. तिचे आजोबा पिंजारी. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी, नावं वेगवेगळी, धंदा एकच. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरणं. आता घरात पिंजायचं मशीन आहे, जुनी धनुकली भिंतीला टांगलेली. पहिल्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी फोटो काढण्यासारखं काहीच नाही.” मी म्हटलं, ज्या गोष्टीचा फोटो काढावासा वाटत नाही तिचाच काढ.

तिने तेरा फोटो आणले. भिंतीवरची धनुकली. तिची तात, जवळून. कापसावर ती छेडायचा लाकडी ठोकळा, मधोमध हाताने पकडून पकडून गुळगुळीत झालेला. जुन्या गादीतून निघालेला गाठी-गाठींचा कापूस, आणि शेजारी तोच कापूस पिंजल्यावर, ढगासारखा. आजोबांचे हात सुई ओवताना. गादीला टाके घालताना अंगठा आणि तर्जनी. दरवाज्यातून आलेल्या उन्हात उडणारे तंतू. हा फोटो तिने मुद्दाम काढला नव्हता, लेन्ससमोर ते आपोआप आले होते. आजोबांचा चेहरा एकाही फोटोत नाही. का, ते पुढे सांगते.

आवाज देताना तिची खरी परीक्षा झाली. लिहून आणलं होतं, ‘माझे दादा गाद्या भरतात.’ उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील, मराठीत मोठा भाऊ. मराठी ऐकणाऱ्याला वाटेल, भाऊच गाद्या भरतो. तिला हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला आणि मग दहा मिनिटं त्यावरच गेली. नाना, नानी, फुफी, खाला, मराठीत कुणाला काय म्हणायचं? शेवटी ‘आजोबा’ ठरलं. पण तिने एक वाक्य जोडलं, “आम्ही त्यांना दादा म्हणतो.” असा धडा मला पाठ्यपुस्तकातून घेता आला नसता. सरकी, रुई, तात, टाका, उसवणं, उन्हं देणं हे शब्द तिला आजोबांकडूनच मिळाले, कारण गिऱ्हाईक मराठी आहे आणि आजोबा धंद्यातलं मराठी चाळीस वर्षं बोलतात. वर्गात मराठीचे गुण कमी पडतात म्हणून जिला ओरडा बसतो, तिच्याच घरात असलेलं हे मराठी आम्हा शिक्षकांना ठाऊक नव्हतं.

इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती येते, सुताची यंत्रं येतात, मँचेस्टर येतं. वऱ्हाडचा कापूस तिकडे जात होता हेही येतं. हा कापूस वाहून न्यायला यवतमाळ ते मूर्तिजापूर छोट्या रुळांची गाडी इंग्रजांच्या काळात सुरू झाली, तीच आपली शकुंतला. हे सगळं शिकवलं जातं आणि शिकवलंच पाहिजे. पण कापूस आणि मुसलमान कारागीर यांचं नातं ज्या भिंतीवर टांगलेलं आहे, ती भिंत पुस्तकात येत नाही. ती आणायची असेल तर आपल्याच मुलांना आणावी लागेल. यात कुणाशी भांडण नाही. ज्याच्या घरात धनुकली आहे त्यानेच तिचा फोटो काढायचा.

आता चेहऱ्याचं. आजोबांनी नातीला सांगितलं होतं, हातांचे काढ, तोंडाचे नको. का, तर त्यांना तसवीर पसंत नाही. आधारसाठी काढली, हजच्या फॉर्मसाठी काढली, पण हौसेने नाही. आपल्याकडे यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे मोठे आलिम आहेत. फोटो म्हणजे आरशातलं प्रतिबिंब थांबवणं, असं म्हणणारे आहेत. तसवीर ती तसवीरच, गरजेपुरतीच काढावी, असं म्हणणारेही आहेत. मी मुफ्ती नाही, त्यामुळे त्यात पडत नाही. पण शिक्षिका म्हणून एवढं सांगू शकते की त्या म्हाताऱ्या माणसाच्या अटीमुळे व्हिडिओचं नुकसान झालं नाही. उलट, चेहरा मिळाला असता तर मुलीने तेरापैकी आठ फोटो आजोबांचे हसतानाचे काढले असते आणि हातांकडे तिचं लक्षच गेलं नसतं. वस्तू, झाडं, भिंती, अवजारं यांच्या फोटोला तर कुणाचीच हरकत नसते. मग पहिला व्हिडिओ त्यांचाच का करू नये?

इथे मला आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. “मुलीचा व्हिडिओ नको” म्हणून काही पालक संपूर्ण प्रकल्पच बंद करतात. मुलगी वर्गात बसते, बाकीच्यांचं पाहते, तिचे गुण कापले जातात आणि हळूहळू ‘हे माझ्यासाठी नाही’ हे तिच्या मनात बसतं. मुलाच्या बाबतीत मात्र तो रात्री बारापर्यंत फोनवर काय पाहतो हे कुणी विचारत नाही. भीती खरी आहे, मी नाकारत नाही. मुलींचे फोटो उचलून काय काय केलं जातं हे आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलं आहे. पण ती भीती मुलीच्या चेहऱ्याबद्दल आहे, तिच्या नजरेबद्दल नाही. ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली तर तिचं काय जाणार आहे?

आणि शाळांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. एका शाळेत, नाव घेत नाही, मुलांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून ज्याला जास्त ‘लाइक’ त्याला जास्त गुण, असा नियम काढला होता. एका पालकाने मला हे सांगितलं तेव्हा ते गमतीने बोलताहेत असंच वाटलं. मामा-चाचांची संख्या मोजून मराठीचे गुण द्यायचे? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज, घर, गल्ली सगळ्या जगासमोर टाकायची परवानगी शाळेला कुणी दिली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधी अदब म्हणून विचारायला नको का? आमच्याकडे व्हिडिओ वर्गातल्या भिंतीवर दाखवला जातो, ज्यांच्या घरचा तो आहे त्या घरी जातो आणि तिथेच थांबतो. यासाठी मी पालकांकडून वहीच्या पानावर उर्दूत दोन ओळी लिहून घेते. त्यावरून एकदाही वाद झाला नाही. विचारलं, म्हणूनच झाला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही मिठाई आली होती. पुस्तकात क्यूआर कोड, तो स्कॅन केला की धडा डोळ्यासमोर. त्यात व्हिडिओ शिक्षकाकडून मुलाकडे जात होता. आता दिशा उलटली आहे, आपण मुलाकडून व्हिडिओ मागतो आहोत. मागणाऱ्याची जबाबदारी जास्त असते.

पहिली जबाबदारी फोनची. आमच्या वस्तीत पुष्कळ घरांत चालू फोन एकच, आणि तो सकाळी अब्बांबरोबर कामावर जातो. कुणी हमाली करतं, कुणी ऑटो चालवतं, कुणी आठवडी बाजार करत या गावाहून त्या गावी फिरतं. फोन रात्री नऊला घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी आणि अब्बा दोघंही संपलेले असतात. अशा घरातल्या मुलाला ‘उद्यापर्यंत व्हिडिओ’ म्हणणं म्हणजे त्याला आधीच नापास करणं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वर्गातली काही बाकं रिकामीच असतात. म्हणून चालत्या चित्रणापेक्षा फोटो बरे, हेही एक कारण आहे. फोटो एका शुक्रवारी, अब्बा जुम्म्यासाठी घरी असताना, अर्ध्या तासात निघतात. जागा कमी खातात. चार मुलांच्या गटाला एक फोन पुरतो. आणि फोटो काढायच्या आधीचं सगळं काम कागदावर होतं. वहीत बारा चौकोन आखायचे, प्रत्येकात काय दिसेल ते पेन्सिलने काढायचं, खाली एक वाक्य लिहायचं. ज्याच्याकडे फोन नाही तोही या टप्प्यापर्यंत बरोबरीने येतो. बऱ्याचदा त्याचे चौकोन सर्वांत चांगले असतात.

हिशेब सोपा आहे. एक फोटो पाच-सहा सेकंद, म्हणजे बारा फोटोंचं साधारण एक मिनिट. एका मिनिटात मूल सावकाश बोललं तर शंभर शब्द होतात, वहीचं जेमतेम एक पान. एवढं पान तर कुणीही लिहील. फोटो काढताना तीन गोष्टी सांगते. खिडकी किंवा दार तुमच्या पाठीशी असू द्या, समोर नको. आधी लांबून एक, मग जवळून एक, मग हाताचा एक. फोन आडवा धरला असेल तर शेवटपर्यंत आडवाच धरा. बाकी सगळं मुलं स्वतः शिकतात आणि मग आपल्याला शिकवतात.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. गाणं लावू देत नाही. काही पालकांना वाटतं, मॅडम दीनदार आहेत म्हणून. तसं नाही. गाणं लागलं की मुलाचा आवाज त्याच्या खाली लपतो, आणि मला तोच ऐकायचा असतो. आमची मुलं घरी बोलतात त्यात उर्दू आहे, हिंदी आहे, दखनी वळण आहे आणि भरपूर वऱ्हाडी आहे. ‘कायकू’ आणि ‘काऊन’ एकाच तोंडात सुखाने नांदतात. मराठीत बोलताना ‘ळ’चा ‘ल’ होतो, हे खरं. पण तो ‘ल’ चौथ्यांदा रेकॉर्ड करताना मूल स्वतःच ऐकतं आणि स्वतःच दुरुस्त करतं. मी लाल पेनाने दहा वेळा दुरुस्त केलं असतं तरी झालं नसतं. त्या पिंजाऱ्याच्या नातीने ‘गोळा’ हा शब्द सात वेळा रेकॉर्ड केला. मी सांगितलं नव्हतं.

लिपीची गंमत वेगळीच. फोटोवर मराठी ओळ टाकली की सहसा नीट उमटते. उर्दूची टाकली की बहुतेक ॲपमध्ये ती नस्ख वळणाची, अरबीसारखी दिसते. आमच्या डोळ्यांना सवय नस्तालीकची, उतरत्या, लवणाऱ्या अक्षरांची. काही जुन्या ॲपमध्ये तर अक्षरं सुटी सुटी होऊन डावीकडून लागतात आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. नूरी नस्तालीक १९८० च्या सुमारास आली तोपर्यंत उर्दूची वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत होते, हे मी मुलांना सांगितलं. मग एका मुलाने यावर जो उपाय काढला तो मला सुचला नव्हता. त्याने वहीच्या कोऱ्या पानावर बोरूने उर्दू ओळ लिहिली, तिचाच फोटो काढला आणि तो व्हिडिओत लावला. आता वर्गातले सगळे तसंच करतात. खुशखत लिहिण्याचा तास, ज्यात पूर्वी जांभया यायच्या, त्यात आता बोरूसाठी भांडणं होतात.

एक शेवटची गोष्ट, जिच्याबद्दल मी नुसती शिक्षिका म्हणून नाही, या जिल्ह्याची म्हणून बोलते. यवतमाळचा फोटो म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर काय येतं? भेगाळलेली जमीन आणि नवऱ्याची तसवीर हातात धरून बसलेली बाई. ते दुःख खोटं नाही. जानेवारी २०१९ मध्ये इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे या शेतकरी महिलेने त्याचं उद्घाटन केलं आणि सगळ्या महाराष्ट्राने त्यांना ऐकलं. त्या बोलल्या, हेच महत्त्वाचं. नाहीतर आपल्या जिल्ह्यातली माणसं फोटोत नेहमी गप्प असतात, फोटोखालची ओळ दुसराच कुणीतरी लिहितो. त्यातही मुसलमान मोहल्ला फोटोत येतो तो ईदच्या दिवशी गळाभेटीसाठी, नाहीतर बंदोबस्त लागतो तेव्हा. मधले तीनशे साठ दिवस आम्ही काय करतो?

या वर्षी वर्गाकडून सोळा व्हिडिओ आले. गादी भरणं आहे, सायकलचं पंक्चर आहे, बांगड्यांचं दुकान आहे, सोयाबीनचं पोतं शिवणं आहे, आर्णीच्या बाबा कंबलपोशांच्या उरुसाला जाताना बांधलेली शिदोरी आहे, आणि एका मुलाने नुसती घरातली पाण्याची भांडी दाखवली आहेत, नळ येतो त्या दिवशीची आणि येत नाही त्या दिवशीची. एका पेन ड्राइव्हमध्ये ते शाळेच्या कपाटात ठेवले आहेत. मराठी माध्यमाच्या शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी त्यातले काही त्यांच्या वर्गाला दाखवायला मागितले. मी ज्यांच्या घरचे ते आहेत त्यांना विचारलं. पंधरा घरांनी हो म्हटलं. पिंजारी आजोबांनीही हो म्हटलं, पण निरोप पाठवला की त्या शाळेतल्या मुलांना धनुकली नुसती फोटोत दाखवू नका, एक दिवस इकडे पाठवा, तात छेडल्यावर आवाज कसा येतो तो फोटोत येत नाही. मुलं पुढच्या शनिवारी जाणार आहेत.